अंगठी, चिलखत आणि रिकामी मूठ: लढाईच्या नियमांचा गुंता कसा होत गेला

२०२४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायच्या खेळाचे सुधारित नियम आले आणि पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) डिव्हाइन स्माइटमध्ये, म्हणजे वारावर चढवायच्या जादा दैवी नुकसानात, तीन शब्दांची भर पडली. वार मेली वेपनने (हातघाईच्या शस्त्राने) ‘किंवा अनआर्म्ड स्ट्राइकने’ (नुसत्या मुठीने) लागला की स्माइट करता येईल, असं तिथे आता सरळ लिहिलंय. नव्या खेळाडूची नजर त्यावरून सहज पुढे जाईल. आधीची दहा वर्षं ज्यांनी हा खेळ खेळलाय, त्यांना मात्र या तीन शब्दांचं मोल ठाऊक आहे. पॅलाडिनने नुसता ठोसा मारला तर त्यावर स्माइट चढतो का, या प्रश्नाला अधिकृत उत्तर होतं, पण ते पटण्यासारखं नव्हतं.

वरवर पाहता ही एका क्लासची (पात्रप्रकाराची) बारीकशी बाब. पण टेबलावरचे बरेचसे वाद याच जातीचे असतात. दोन क्षमता वेगवेगळ्या पानांवर, कधी वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिलेल्या असतात. एकेक वाचली तर अर्थ स्वच्छ. दोन्ही एकाच वारावर आल्या की पंचाईत: बेरीज करायची, मोठी तेवढी धरायची, की एकीने दुसरी रद्द होते? प्रत्येक आवृत्तीने याचं उत्तर वेगळं दिलं आणि आजचे शब्द त्या उत्तरांच्या थरांवर उभे आहेत.

१९७४च्या तीन पुस्तिकांत हा प्रश्न जेमतेमच होता. लढाईसाठी त्या १९७१च्या मिनिएचर युद्धखेळाच्या नियमांकडे बोट दाखवत आणि वीस बाजूंच्या फाशाची पद्धत पर्याय म्हणून देत. पुढे तो पर्यायच राजमार्ग झाला. शस्त्र कुठलंही असो, नुकसान साधारण एका सहाबाजू फाशाचं. एकमेकांवर चढायला क्षमताच फारशा नव्हत्या. १९७५च्या पहिल्या पुरवणीने चोर आणि पॅलाडिन आणले, शस्त्रागणिक नुकसान वेगळं केलं, ताकदीचा बोनस वाराला आणि नुकसानाला जोडला. बेरजेचा प्रश्न तिथून सुरू होतो.

त्या काळातलं उत्तर कसं असे ते एका अंगठीवरून कळतं. १९७९च्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) पुस्तकातली रिंग ऑफ प्रोटेक्शन अंगावर जादूचं चिलखत असेल तर आर्मर क्लासला, म्हणजे वार लागणं किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याला, काही देत नाही. सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचण्यासाठीच्या रोलला) मात्र तिचा फायदा मिळतो. हे कुठल्या सर्वसाधारण तत्त्वातून आलेलं नाही. त्या अंगठीच्या वर्णनात लिहिलंय म्हणून तसं. दुसऱ्या वस्तूचं काय, तर तिचं वर्णन वाचा. तिथे काही लिहिलं नसेल तर डीएम ठरवेल. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीनेही बॅकस्टॅबचा (पाठीमागून केलेल्या वाराचा) गुणाकार शस्त्राच्या मूळ नुकसानालाच लागू होतो, ताकदीचा आणि जादूचा बोनस नंतर मिळवायचा, असं स्पष्ट केलं. पण तेही त्या एका क्षमतेपुरतंच.

खरी उलथापालथ २००० साली तिसऱ्या आवृत्तीने केली, आणि माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक काम तेच आहे. प्रत्येक बोनसला जात दिली गेली: एन्हान्समेंट, डिफ्लेक्शन, मोराल, लक, डॉज वगैरे. एकाच जातीचे दोन बोनस आले तर मोठा धरायचा; वेगळ्या जातींचे असतील तर बेरीज. डॉज आणि जात न सांगितलेले बोनस मात्र एकमेकांत मिळवता येत. आता त्याच अंगठीला डिफ्लेक्शन बोनस मिळाला. म्हणजे ती जादूच्या चिलखताबरोबर चालते, पण क्लेरिकने (पुजाऱ्याने) शील्ड ऑफ फेथ ही जादू टाकली तर दोन्हींतली जी मोठी तेवढीच धरायची, कारण तीही डिफ्लेक्शनच. ब्लेस ही जादू आणि बार्डचं (गायकाचं) इन्स्पायर करेज, दोन्ही मोराल. अटॅक रोलवर त्यांची बेरीज नाही. टेबलावर कुणाला विचारायची गरजच उरली नाही. कॅरेक्टर शीटवर बोनसच्या पुढे त्याची जात लिहून ठेवली की हिशेब आपोआप लागायचा.

पण जात फक्त बोनसला होती. बाकीच्या क्षमता मोकाट होत्या आणि त्या कशा जुळतील याचा अंदाज लिहिताना आला नव्हता. उंदरांच्या पिशवीचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: व्हर्लविंड अटॅकने भोवतालच्या प्रत्येकावर एक वार मिळतो, ग्रेट क्लीव्हने शत्रू पडला की आणखी एक वार मिळतो. म्हणून फायटरने ड्रॅगनच्या पायाशी उंदरांची पिशवी रिकामी करायची आणि उंदीर मारत मारत प्रत्येक उंदरामागे ड्रॅगनवर एक फुकटचा वार घ्यायचा. २००३च्या साडेतीन आवृत्तीने व्हर्लविंड वापरताना बाकीच्या क्षमतांचे जादा वार सोडावे लागतील, असं लिहून ही वाट बुजवली. ते योग्यच होतं.

त्याच फेरबदलातला दुसरा निर्णय मात्र आजही खटकतो. सिमिटर ही वाकडी तलवार १८ ते २०ला क्रिटिकलची (जादा नुकसान करणाऱ्या जबर वाराची) शक्यता देते, म्हणजे फाशाच्या तीन बाजू. कीन जादूने ही रेंज दुप्पट होते, इम्प्रूव्ह्ड क्रिटिकल या फीटनेही (पात्रासाठी निवडायच्या खास कसबानेही) दुप्पट. त्या आवृत्तीत दोन दुपटी मिळून चौपट होत नसे, तिप्पट होई; म्हणजे नऊ बाजू, १२ ते २०. वीसपैकी नऊ रोल क्रिटिकलच्या दारात! साडेतीनने सांगितलं की या दोन्ही एकत्र चालणार नाहीत. सहा बाजू, १५ ते २०, बस. क्रिटिकल फार स्वस्त झाला होता हे खरं. पण क्रिटिकल पक्का करायला दुसरा रोल लागायचाच आणि इतकं करूनही फायटर वरच्या लेव्हलच्या विझर्डच्या आसपास पोचत नव्हता. जादूगारांना अजिबात हात लावला नाही असं नाही, हेस्ट या जादूतून मिळणारी दुसऱ्या स्पेलची सोय त्याच वेळी गेली. तरीही ज्याने दोन वेगळ्या मार्गांनी, पैसे आणि फीट दोन्ही मोजून ही जोडी जमवली होती, त्याच्याकडून ती काढून घेण्याचं कारण मला कधी पुरेसं वाटलं नाही.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने पॉवर्सवर (पात्रांच्या क्षमतांवर) कीवर्ड चिकटवले. विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे तत्त्वही ठळकपणे मांडलं. संस्कृत व्याकरणाशी ओळख असलेल्याला इथे उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी आठवेल. अडचणही तीच जुनी: अपवाद नियमाला बाधतो हे ठीक, पण दोन अपवाद समोरासमोर आले तर? त्या आवृत्तीची भाषा बंदिस्त असल्याने असे प्रसंग कमी आले. तांत्रिक, कोरडी म्हणून अनेकांनी तिला नावं ठेवली, आणि पुढच्या वेळी लंबक दुसऱ्या टोकाला गेला.

२०१४ची पाचवी आवृत्ती साध्या बोलीसारख्या भाषेत लिहिली गेली. बोनसच्या जाती गेल्या. त्यांच्या जागी दोन मोठे लगाम आले. एक कॉन्सन्ट्रेशन: लक्ष धरून ठेवावं लागतं असा स्पेल एका वेळी एकच. दुसरा अ‍ॅडव्हांटेज: दोन फासे टाका, मोठा घ्या, कारणं चार असली तरी फासे दोनच, आणि विरुद्ध बाजूचं एक कारण असलं तरी सगळं रद्द. टेबलावर याने वेग आला, हे मान्य. पण दाट धुक्यात दोन धनुर्धारी एकमेकांना दिसत नसताना काय होतं पाहा. न दिसणाऱ्यावर बाण सोडताना डिसअ‍ॅडव्हांटेज, स्वतः न दिसता सोडतोय म्हणून अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही गेले, साधा रोल. आता अंतर लांबचं असलं तरी त्याचा डिसअ‍ॅडव्हांटेजही त्याच वजाबाकीत विरून जातो. म्हणजे लांब पल्ल्यावर धुक्यातला नेम उजेडातल्यापेक्षा चांगला. अंगठीचं म्हणाल, तर ती आता कुठल्याही जातीशिवाय एक गुण देते आणि अट्यूनमेंटच्या (जादूच्या वस्तूशी जुळवून घेण्याच्या) तीन जागांतली एक खाते.

आणि याच आवृत्तीत ‘मेली वेपन अटॅक’ हा शब्दप्रयोग आला. गुंता समजून घ्यायचा तर इथे थांबायलाच हवं.

वाचताना वाटतं, मेली वेपन घेऊन केलेला अटॅक. तसं नाही. त्या नियमांत अटॅक चार प्रकारचे: मेली किंवा रेंज्ड (दुरून केलेला), आणि त्यातला प्रत्येक वेपन किंवा स्पेल. इथे ‘वेपन’चा अर्थ व्यवहारात ‘स्पेल नसलेला’ इतकाच. म्हणूनच लांडग्याच्या चाव्यापुढे पुस्तकात ‘मेली वेपन अटॅक’ असं छापलेलं आहे, जरी लांडग्याकडे कुठलंही शस्त्र नसतं. दुसरीकडे ‘मेली वेपनने केलेला अटॅक’ अशी वेगळी शब्दरचना जिथे येते, तिथे हातातली वस्तू कुठली हे पाहायचं. खंजीर फेकला तर तो रेंज्ड वेपन अटॅक, पण केला मेली वेपनने. म्हणून शार्पशूटर या फीटचा नेमात उणे पाच, नुकसानात अधिक दहा हा सौदा फेकलेल्या खंजिराला लागू नव्हता. छोट्या डार्टला मात्र लागू होता, कारण डार्ट तक्त्यात रेंज्ड वेपन म्हणून बसलेला आहे. एका विभक्तीचा फरक, आणि त्यावर दहा गुणांचं नुकसान.

मुठीची कथा याहून अवघड. पहिल्या छपाईत अनआर्म्ड स्ट्राइक चक्क शस्त्रांच्या तक्त्यात होता. मग शुद्धिपत्रक आलं आणि तो तिथून काढला गेला: मूठ हे शस्त्र नाही, पण मुठीने मेली वेपन अटॅक करता येतो. त्यामुळे मंकचा (रिकाम्या हाताने लढणाऱ्याचा) स्टनिंग स्ट्राइक, म्हणजे शत्रूला सुन्न करणारा वार, सुरक्षित राहिला, त्याला मेली वेपन अटॅक लागला की पुरतं. डिव्हाइन स्माइटलाही मेली वेपन अटॅकच हवा होता. म्हणजे मुठीने चालायला हवं. पण स्माइटच्या त्याच वाक्यात पुढे ते नुकसान ‘शस्त्राच्या नुकसानाशिवाय जादा’ असं म्हटलं होतं. अधिकृत खुलाशाने नेमकं त्यावर बोट ठेवलं: मूठ शस्त्र नाही, शस्त्राचं नुकसान नाही, म्हणून स्माइट नाही.

इथवर पटो न पटो, निदान वाचन तरी सुसंगत आहे. पण त्याच खुलाशात पुढे सांगितलं होतं की डीएमने मुठीला परवानगी दिली तर खेळाचा तोल बिघडत नाही. पॅलाडिनचं नातं शस्त्राशी असावं, या कल्पनेपोटी तसं ठेवलं. म्हणजे जो नियम तोलासाठी नव्हता, तो वाक्याच्या शेवटातल्या एका शब्दातून काढायचा, आणि तो शब्द ज्या आवृत्तीत येतो ती आवृत्ती साध्या बोलीभाषेत लिहिलेली! साध्या भाषेत ‘शस्त्राचं नुकसान’ म्हणजे त्या वाराचं नुकसान, असंच कुणीही वाचेल. भाषा बोलीची आणि अर्थ कायद्याचा, ही सरमिसळ मला या आवृत्तीचा मूळ दोष वाटते. मंक-पॅलाडिन असं मिश्र कॅरेक्टर करणाऱ्याला एका टेबलावर स्माइट मिळे, दुसऱ्यावर मिळत नसे, आणि दोन्ही डीएमकडे पुस्तक एकच.

इतर खेळांनी याच काळात वेगळा रस्ता धरला. साडेतीनच्या पायावर २००९ साली उभ्या राहिलेल्या पाथफाइंडरने २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत बोनसच्या जाती ठेवल्या, पण तीनच: सर्कमस्टन्स, आयटम, स्टेटस. पाठांतराचं ओझं गेलं, हिशेबाची शिस्त राहिली.

२०२४च्या बदलांकडे या पार्श्वभूमीवर पाहायचं. स्माइटमध्ये मूठ आली. नव्या नियमांच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये लांडग्याच्या चाव्यापुढे आता ‘मेली अटॅक रोल’ एवढंच आहे. वेपन हा शब्द गेला. पण त्याबरोबर स्माइट स्वतः स्पेल झाला आणि वार लागल्याबरोबर टर्नमधली एकमेव जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्चून टाकायचा झाला. त्यामुळे तो एका टर्नला एकदाच, आणि दुसऱ्या कशासाठी बोनस अ‍ॅक्शन लागणार असेल तर दोन्हींतलं एक निवडा. रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापाच्या अवस्थेत) असताना स्पेल टाकता येत नाही, म्हणून बार्बेरियन-पॅलाडिनची जुनी जोडी तुटली. २०१४मध्ये स्माइट फक्त स्पेल स्लॉट खर्च करी, स्पेल नव्हता, आणि रेजमध्ये चालून जाई. शिवाय त्याला आता उच्चार लागतो. समोरचा विझर्ड काउंटरस्पेलने तो अडवू शकतो, आणि सायलेन्सच्या वर्तुळात उभ्या असलेल्या पॅलाडिनला स्माइट करताच येत नाही, हातात तलवार असो वा नुसती मूठ.