वैद्यकीय चूक आणि वैद्यकीय निष्काळजीपणा

उपचारात जे करायला हवं ते राहून गेलं किंवा नको ते झालं, आणि त्याने पेशंटला अपाय झाला किंवा होता होता राहिला, तर त्याला वैद्यकीय चूक म्हणतात. निष्काळजीपणा ही कायद्याची बाब आहे, त्यात डॉक्टरने किंवा हॉस्पिटलने किमान अपेक्षित काळजी घेतली नाही आणि नुकसान त्यामुळेच झालं, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. पेशंट दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नसतं, काही धोके सगळं नीट करूनही उरतात. घरातलं माणूस गेल्यावर हे ऐकून घेणं फार अवघड आहे, पण हा फरक कळला नाही तर नातेवाईकांची पुढची धडपड भलत्याच दिशेला जाते.

चुका बऱ्याचदा पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होतात. नाशिक जिल्ह्यात हे हातबदल खूप आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडच्या पाड्यावरचा माणूस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, तिथून नाशिकच्या सिव्हिलला आणि तिथे बेड किंवा मशीन मिळालं नाही तर शहरातल्या खाजगी हॉस्पिटलला, असा फिरत जातो, आणि कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत ही माहिती प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी गळत जाते. त्यात कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या आजीला घाईत प्रमाण मराठीत प्रश्न विचारले की ती नुसती मान हलवते, आणि फाईलीत 'अ‍ॅलर्जी नाही' असं लिहिलं जातं. म्हणून रेफर करताना नीट लिहिलेली चिठ्ठी हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ती मागून घ्यायला लाजू नये.

औषधांच्या चुका तर घरातही होतात. इन्सुलिनचंच बघा, आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं आणि पेनमधलं 100 चं. 40 च्या सिरिंजने 100 वालं इन्सुलिन खुणेप्रमाणे ओढलं तर अडीचपट डोस जातो आणि शुगर इतकी खाली येते की माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का हे दर वेळी बघायलाच हवं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती चुकून रोज घेतल्याने लोक दगावलेत. डॉक्टरने 5.0 असं लिहिलं आणि टिंब पुसट असलं तर ते 50 वाचलं जातं. हे नेहमी ज्ञानाच्या अभावानेच होतं असं नाही, घाई, थकवा आणि कोणी दुसऱ्यांदा न तपासणं यातूनही होतं.

ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीतून (ऑपरेशनच्या खोलीतून) बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबून नाव, जागा, बाजू, अ‍ॅलर्जी, मॉप (रक्त टिपायचं कापड) आणि सुयांची मोजणी मोठ्याने बोलायची. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, राज्यभरातले डॉक्टर त्याची पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हा अशा सवयी विद्यार्थिदशेतच अंगवळणी पडायला हव्यात असं मनापासून वाटतं. आणि सगळं काही एका डॉक्टरच्या हातात नसतं हेही नाशिकने फार वाईट रीतीने पाहिलंय, 21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली आणि वीसहून जास्त पेशंट गेले.

कायद्याच्या बाजूने महाराष्ट्रातलेच दोन खटले पायाभूत आहेत. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या 1968 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केस घ्यायची की नाही, कुठला उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्हींत डॉक्टरवर काळजीची जबाबदारी असते. दुसरा औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलचा, 1963 मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनवेळी बाईच्या पोटात मॉप राहिला, ती दगावली, आणि 1996 मध्ये कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. 1995 पासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, तिथे दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य असावा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, असं जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 ला ठरलं.

संशय आला तर पहिलं काम म्हणजे केसपेपरची नक्कल लेखी मागणं, मागितल्यापासून 72 तासांत ती द्यायची असा नियम आहे. तोडफोड केली तर 2010 च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि भरपाईची केस उलट अडचणीत येते. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, हॉस्पिटलला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर नाशिकच्या जिल्हा आयोगातच तक्रार चालते, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते, पण पैसे मिळवून देऊ शकत नाही, त्यामुळे बरेच जण तिथे अर्ज टाकून भरपाईची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात आयोगाची मुदत निघून जाते.