बार्बेरियन (पात्रवर्ग)

बार्बेरियन हा अद्भुत विश्वात घडणाऱ्या भूमिका-खेळांतील, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो अशा खेळांतील, एक लढवय्या पात्रवर्ग (पात्राचा ठरावीक प्रकार) असून, शस्त्रविद्येच्या शिस्तीपेक्षा संतापाच्या भरात वाढणारे बळ हे त्याचे मुख्य लक्षण होय. मुंबईतल्या खेळगटांत नियमपुस्तके इंग्रजी आणि बोलणे मराठी-हिंदी मिश्रित असल्याने हे नाव, तसेच त्याच्या संतापासाठीचा ‘रेज’ हा शब्दही, भाषांतर न करताच रुळलेला आहे.

नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ग्रीक ‘बार्बारोस’ हा शब्द न कळणाऱ्या भाषेच्या ‘बर-बर’ अशा आवाजावरून बनला, हे बहुतेकांना मान्य आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये आशिया मायनरमधील कॅरियन लोकांना लावलेले विशेषणही त्यांच्या बोलण्याविषयीचेच आहे. संस्कृतात ‘बर्बर’ म्हणजे अडखळत बोलणारा, आणि महाभारतात बर्बरांचा उल्लेख शक-यवनांच्या बरोबरीने येतो. हे दोन शब्द एकाच मुळापासून आले, एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले, की ध्वनीच्या अनुकरणातून दोन्हीकडे स्वतंत्रपणे निपजले, याविषयी एकमत नाही. ध्वन्यनुकारी शब्दांची एकंदर रीत पाहता तिसरी शक्यता डावलता येत नाही. पतंजलीच्या महाभाष्यातही म्लेच्छपणाचा संबंध अशुद्ध उच्चाराशी जोडलेला आहे. म्हणजे मूळ भेद भाषेचा होता. मराठी ‘रानटी’ हा शब्द मात्र तो भेद भाषेवरून राहण्याच्या जागेवर नेतो, म्हणून तो नेमका पर्याय ठरत नाही. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वारली पाडे आजही नांदत असलेल्या शहरात, आणि १८७१च्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची त्या शिक्क्यातून १९५२ साली सुटका झालेल्या देशात, वर्गाचे नाव आणि वर्णन निवडताना ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

संतापाची कल्पना वेगळ्या वाटेने आली. जुन्या नॉर्स साहित्यातील ‘बेर्सेर्क’ योद्ध्यांचा उल्लेख साधारणपणे इ. स. ९००च्या सुमाराचे मानल्या जाणाऱ्या एका स्तुतिकाव्यात आहे. तेराव्या शतकातील आइसलँडिक लेखक स्नोरी स्टर्लुसनच्या वर्णनात ते चिलखताविना लढतात, ढाली चावतात आणि आग वा लोखंड यांना दाद देत नाहीत. या शब्दाची फोड ‘उघड्या अंगाचा’ अशी करावी की ‘अस्वलाचे कातडे पांघरलेला’ अशी, हा वाद जुना आहे. अलीकडच्या अभ्यासकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे दिसतो. विषारी अळंबीमुळे हा उन्माद येत असे, हा स्वीडिश अभ्यासक सॅम्युअल ओडमन याने १७८४ साली मांडलेला तर्क लोकप्रिय असला, तरी समकालीन पुराव्याचा त्याला आधार नाही. मराठी वाचकाला येथे ‘अंगात येणे’ आठवेल, पण ते साम्य वरवरचे आहे. संचार विधीच्या चौकटीत, वाद्यांच्या साथीने आणि भोवतालच्या भक्तांसाठी होतो, तर खेळातील रेज हा खेळाडूचा स्वतःचा निर्णय असतो.

१९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात हा वर्ग नव्हता. ब्रायन ॲस्बरी याने १९७७-७८च्या सुमारास एका ब्रिटिश नियतकालिकात त्याचा एक आराखडा दिला. मूळ खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याची आवृत्ती १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि १९८५ साली अधिकृत नियमांत आली. तिच्यावर रॉबर्ट ई. हॉवर्डच्या १९३२पासून छापून आलेल्या, कोनान या रानटी योद्ध्याच्या कथांची छाया मानली जाते. तिच्यात रेज नव्हता. होता तो जादूविषयीचा तिटकारा. जादूच्या वस्तू नष्ट केल्या की पात्राला अनुभवगुण मिळत, त्यामुळे जादूगार सोबत्यांशी त्याचे पटणे अवघड होई. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत रेज केंद्रस्थानी आला, परंतु त्याच आवृत्तीने बार्बेरियनला निरक्षरही ठरवले. वाचता येणे हवे असेल, तर त्यासाठी कौशल्यगुण खर्चावे लागत. पुढे ही अट गळाली, ते योग्यच झाले, कारण संतापाचा आणि अक्षरज्ञानाचा काही संबंध नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत या वर्गाला हिट पॉइंटांसाठी (पात्र किती घाव सोसू शकते त्याचा आकडा) बारा बाजूंचा फासा मिळतो. त्याची सरासरी ६.५ येते, तर फायटर या शस्त्रनिपुण योद्ध्याच्या वर्गाच्या दहा बाजूंच्या फाशाची ५.५. हा फरक लहान आहे. खरी ताकद रेजमध्ये आहे. तो एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकतो आणि शस्त्रांचे घाव निम्मे करतो, त्यामुळे अशा घावांपुरते हिट पॉइंट दुप्पट झाल्यासारखेच होतात. मोबदल्यात मंत्र म्हणता येत नाहीत, आणि एका वळणापासून (खेळाडूच्या पाळीपासून) दुसऱ्यापर्यंत वार केला नाही किंवा झेलला नाही, तर रेज ओसरतो. हा शेवटचा नियम विशेष मोलाचा आहे, कारण तो खेळाडूला मागे थांबू देत नाही. ‘रेकलेस अटॅक’ म्हणजे बेफाम हल्ल्यामध्ये वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा अंक घेतात, पण पुढच्या वळणापर्यंत शत्रूलाही हीच सवलत मिळते. धाडसाची किंमत येथे फाशातूनच वसूल होते. याउलट ‘बेर्सर्कर’ या उपवर्गाला उन्मादानंतर येणारा थकवा इतका महाग पडे की खेळाडू ती शक्ती वापरणेच टाळत. २०२४च्या नियमांत हा थकवा काढून टाकला गेला.

२०१४च्या नियमांतील, पहिल्या पातळीवर दिवसाला दोनच रेज ही मर्यादा खेळातील एका दिवसात अनेक लढाया होतील असे धरून आखलेली आहे. सुटीच्या दिवशी लोकलने लांबून येऊन तीन-चार तास खेळणाऱ्या गटाची बैठक बहुधा एकदोन लढायांतच संपते. खेळातला दिवसही तेथेच संपत असेल, तर ही मर्यादा जाणवत नाही आणि बार्बेरियन इतरांहून वरचढ ठरतो. अशा गटासाठी ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीतील मूळ मांडणी अधिक सोयीची आहे : तेथे रेजची दैनंदिन मोजदाद नाही, मात्र तो संपल्यावर पुन्हा आणण्यापूर्वी एक मिनिट जावे लागते आणि तो चालू असताना बचाव एका अंकाने घटतो.