प्रबोधनाच्या आधीची शंभर वर्षं: जुनी पुस्तकं शोधणारी माणसं

शाळेत आपण रेनेसान्स एका ओळीत शिकतो, १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि युरोप जागा झाला. पण तारखा नीट लावून बघा, तोपर्यंत इटलीत जुने ग्रंथ शोधायचं, वाचायचं हे काम सुरू होऊन शंभरेक वर्षं उलटली होती. आणि ते सुरू करणारे बरेचसे सेक्रेटरी, वकिलीचे विद्यार्थी, सरकारी पत्रं लिहिणारे असे लोक होते ज्यांना वाचनाचं अक्षरशः वेड होतं.

पहिलं नाव इटालियन कवी पेट्रार्कचं. वडिलांनी कायदा शिकायला पाठवलं पण याचा सगळा जीव लॅटिन कवितेत. १३४५ साली व्हेरोनाच्या कॅथेड्रलच्या लायब्ररीत त्याला प्राचीन रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरोने आपल्या अ‍ॅटिकस या मित्राला लिहिलेली खाजगी पत्रं सापडली, आणि त्यात दिसला तो राजकारणात पुरता गुरफटलेला, घाबरणारा, सारखं मत बदलणारा सिसेरो. पेट्रार्कला एवढं वाईट वाटलं की त्याने जवळपास चौदाशे वर्षांपूर्वी गेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहून जाब विचारला! मला ह्युमॅनिझमचं (जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ नव्याने वाचायच्या या चळवळीचं) मूळ इथे दिसतं, जुना लेखक पूज्य आहेच पण तो माणूस आहे आणि त्याच्याशी भांडता येतं. ग्रीक मात्र पेट्रार्कला येत नव्हतं. होमरची ग्रीक प्रत त्याच्या घरात होती आणि त्याला ती वाचता येत नव्हती.

ही अडचण सुटली फ्लॉरेन्समध्ये. तिथला चान्सलर, म्हणजे सरकारी पत्रव्यवहार सांभाळणारा मुख्य अधिकारी, कोलुच्चो सालुताती याने खटपट करून कॉन्स्टँटिनोपलहून मॅन्युएल क्रिसोलोरास या विद्वानाला ग्रीक शिकवायला बोलावलं, तो १३९७ मध्ये आला, म्हणजे १४५३ च्या तब्बल ५६ वर्षं आधी. लिओनार्दो ब्रुनी तेव्हा कायदा शिकत होता. त्याने पुढे लिहून ठेवलंय की कायदा शिकवणारे गावोगावी मिळतील, पण ग्रीक शिकवणारा हा एकच आहे, हा गेला तर शिकणार कुणाकडे? कायदा बाजूला ठेवून तो ग्रीक शिकला आणि नंतर प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल लॅटिनमध्ये आणले. क्रिसोलोरास जेमतेम तीन वर्षं राहिला, पण तेवढं पुरलं.

मग येतो पोज्जो ब्रात्चोलिनी. हा पोपचा सेक्रेटरी. १४१४ ला कॉन्स्टन्सला (आज जर्मनीत) चर्चची मोठी परिषद भरली, १४१५ ला तिथे त्याच्या पोपलाच पदावरून काढलं, हाताला काम नाही, मग पठ्ठ्या आसपासचे मठ धुंडाळायला निघाला. १४१६ मध्ये सेंट गॅलनच्या (आज स्वित्झर्लंडमध्ये) मठात एका बुरुजाच्या तळाशी, अंधारात धूळ खात पडलेलं रोमन शिक्षक क्विंटिलियनचं वक्तृत्वशास्त्रावरचं पुस्तक त्याला पूर्ण सापडलं (तोवर इटलीत तुटक प्रतीच फिरत होत्या), आणि त्याने तिथेच बसून स्वतःच्या हाताने ते उतरवून काढलं. पुढच्याच वर्षी रोमन कवी ल्युक्रेशियसची, जग अणूंचं बनलंय असं सांगणारी, लांबलचक कविता सापडली. पोज्जो मठांना तुरुंग म्हणाला, पण मला ते अन्यायाचं वाटतं, कारण आठव्या-नवव्या शतकात भिक्षूंनी नकला केल्या नसत्या तर त्याला सापडलं काय असतं?

यातली एक गंमत बघा. त्या जुन्या प्रतींमधलं मोकळं, सुटसुटीत अक्षर पोज्जो आणि त्याचा मित्र निकोलो निकोली यांनी प्राचीन समजून उचललं. खरं तर ते शार्लमेन या सम्राटाच्या काळातल्या, म्हणजे आठव्या-नवव्या शतकातल्या, भिक्षूंचं वळण. तेच पुढे छापखान्यात गेलं आणि आज कॉम्प्युटरवर आपण ज्याला रोमन टाईप म्हणतो तो तिथून आला. निकोलीच्या तिरक्या अक्षरावरून इटॅलिक. निकोली १४३७ ला वारला तेव्हा त्याच्याकडे सुमारे ८०० हस्तलिखितं होती, फ्लॉरेन्सचा धनाढ्य बँकर कोसिमो दे मेदिचीने त्यातली बरीचशी सान मार्कोच्या मठात लोकांना वाचायला ठेवली.

१४५३ चं महत्त्व आहेच, मूळचा ग्रीक असलेल्या कार्डिनल बेसारियनने आपला ग्रीक संग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, आणि व्हेनिसमध्येच आल्दस मानुशियस या मुद्रकाने १४९५ ते १४९८ मध्ये अ‍ॅरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला. पण पाया आधीच पडला होता.

आणि कलेचं काय? १४ जानेवारी १५०६, रोममध्ये एका द्राक्षमळ्यात खोदताना संगमरवरी शिल्प लागलं, एक बाप आणि दोन मुलं सापांच्या विळख्यात. पोपने वास्तुकार जुलियानो दा सांगाल्लोला बघायला पाठवलं, सोबत मायकेलअँजेलो होता. खाली उतरताच सांगाल्लो म्हणाला, हा तर प्लिनीने वर्णन केलेला लाओकून! (प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन लेखक, लाओकून हा ग्रीक कथेतला ट्रॉयचा पुजारी.) चौदाशे वर्षं जुनं पुस्तक या लोकांना इतकं तोंडपाठ होतं की मातीतली मूर्ती बघताक्षणी ओळखू आली. प्लिनीने लिहिलं होतं की शिल्प एकाच दगडातून कोरलंय. मायकेलअँजेलो आणि दुसऱ्या एका शिल्पकाराने जवळून तपासलं, सांधे शोधले आणि सांगितलं की यात एकापेक्षा जास्त तुकडे आहेत.