पाण्याखाली उडणारं पिस्तूल आणि पाण्याखालचं पिस्तूल

नेहमीचं 9 एमएम पिस्तूल पाण्याखाली उडतं का? उडतं. काडतुसातल्या दारूला बाहेरची हवा लागत नाही. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. पोहण्याच्या तलावात ग्लॉक 17 हे 9 एमएम पिस्तूल उडवल्याचे व्हिडिओ पाहून लोक त्याला खास पाण्याखालसाठी बनवलेल्या सोव्हिएत एसपीपी-1च्या पंगतीला बसवतात, तिथे घोटाळा होतो. (आपल्याकडे 9 एमएम बोअर खासगी परवान्यावर सहसा मिळत नाही, त्यामुळे तारकर्लीला निघालेल्यांनी हे निव्वळ कुतूहल म्हणून वाचावं.)

आधी ग्लॉक. काडतुसावर ठोका मारणारा दांडा, म्हणजे स्ट्रायकर, ज्या पोकळीतून पुढे धावतो, तीही पाण्याने भरते. ते पाणी बाजूला सारूनच त्याला प्रायमरपर्यंत, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत, पोचायचं असतं. स्ट्रायकरची स्प्रिंग अडवून धरणारे दोन छोटे कप त्या पोकळीत इतके दाटून बसतात की पाण्याला निसटायला वाटच उरत नाही. मग ठोका हलका पडतो आणि काडतूस उडेलच याची खात्री राहत नाही. यावर कंपनीचा तोडगा म्हणजे ‘मेरिटाइम’ कप. त्यांना खाचा असतात, त्यांतून पाणी मागे सरकतं. बदल एवढाच. नळी तीच, काडतूस तेच.

बाकीच्या अडचणी तशाच राहतात. पाण्याला रेटत मागे जाताना स्लाइडचा, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचा, वेग घटतो; ती पुरती मागे गेली नाही तर काडतुसाचं रिकामं कवच अडकतं. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळीच्या खोबणीत पाणी घुसून ती तिथेच फुलू शकते, म्हणून पूर्ण जॅकेटचीच, म्हणजे टोकापर्यंत धातूचं आवरण असलेली, गोळी वापरतात. आणि नळी पूर्ण भरलेली हवी. अर्धी हवा, अर्धं पाणी असेल तर गोळी हवेत वेग घेऊन पाण्यावर आदळते आणि नळीला त्या जागी फुगवटा येऊ शकतो.

हे सगळं जमलं तरी गोळी जाते किती? एक-दोन मीटरपलीकडे तिच्यात जोर उरत नाही. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट. नळीतल्या आट्यांमुळे गोळीला मिळणारी गिरकी हवेत तिला सरळ ठेवायला पुरते, पाण्यात अजिबात पुरत नाही. गोळी कोलांटते, आडवी होते आणि थांबते.

एसपीपी-1 बनवणाऱ्यांनी गिरकीचा नादच सोडला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांना मिळालेल्या या पिस्तुलाला चार गुळगुळीत नळ्या आहेत. त्या बिजागरीवर खाली झुकतात आणि चार काडतुसं एकाच क्लिपमध्ये आत जातात. स्लाइड नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. प्रत्येक वेळी चाप ओढला की फायरिंग पिन पुढच्या नळीकडे वळते. गोळी म्हणजे 4.5 मिमी जाडीचा, 115 मिमी लांबीचा पोलादी बाण, वजन सुमारे 13 ग्रॅम.

हिशेब करून पाहा. हा बाण साधारण 250 मीटर प्रति सेकंदाने निघतो, म्हणजे सुमारे 400 ज्यूल. 8 ग्रॅमची 9 एमएम गोळी 350च्या वेगाने निघाली तर जवळजवळ 500 ज्यूल. ऊर्जा बाणाकडेच कमी! पण त्याच्या तोंडाच्या दर चौरस मिलीमीटरमागे वजन गोळीच्या सहापटीहून जास्त आहे. शिवाय त्याचं बोथट टोक पाणी फाडून भोवती पोकळी तयार करतं, आणि लांब अंग त्या पोकळीत सरळ राहतं.

खोलीवर पाण्याचा दाब वाढतो, तशी ही पोकळी आक्रसते. म्हणून एसपीपी-1चा पल्ला 5 मीटर खोलीवर 17 मीटर, 20 मीटरवर 11, तर 40 मीटरवर जेमतेम 6 सांगितला जातो. पुढच्या एसपीपी-1एमला चापाभोवतीची कडी मोठी दिली, डायव्हिंगचे जाड हातमोजे आत जावेत म्हणून.

जर्मन एचके पी11 याच जातीचं: पाच सीलबंद नळ्या, बाण 7.62 मिमीचे, बार मुठीतल्या बॅटरीवर विजेने उडतो. पाच झाडले की नळ्यांचा अख्खा गठ्ठा भरायला कारखान्यात. महागडी चैन.

काठावर आलं की मात्र पारडं फिरतं. गिरकी नसल्याने बाण हवेत भरवशाचा नाही, तिथे 9 एमएमच बरं. फक्त डोकं पाण्याबाहेर काढताक्षणी चाप ओढायचा नाही: नळीचं तोंड खाली, स्लाइड किंचित मागे घेऊन नळीत मागून हवा शिरू द्यायची, पाणी निथळलं की स्लाइड पुरती बंद करायची. 5.56 मिमीच्या रायफलीत हे जास्तच जपावं लागतं. तिची नळी इतकी अरुंद की पाणी आत धरून राहतं, आणि तशीच झाडली तर नळी फुटू शकते.