डोंगर पेटवला की गवत जोमानं येतं?

‘उन्हाळ्यात टेकडी पेटवली की राखेचं खत होतं आणि पावसाळ्यात गवत दुप्पट येतं.’ पुण्याच्या आसपास हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आता फॉरवर्डही होतं. तसं वाटायला कारणही आहे. जळालेला उतार जूनमध्ये खरंच जास्त हिरवा दिसतो.

दिसतो, कारण वरचा वाळका पेंढा गेलेला असतो. बारमाही गवताची मुळं जमिनीखाली जिवंतच असतात. आग लागो न लागो, ती फुटणारच. राखेचं म्हणाल तर बरंचसं नत्र धुरातच उडून जातं. पालाश वगैरे उरतं, पण वारा आणि वळवाची पहिली सर त्यातलं पुष्कळ उतारावरून खाली नेते, सोबत उघडी पडलेली मातीही. शिवाय कुसळी या टोचऱ्या गवताचं बी स्वतःला मातीत खुपसून घेतं, म्हणून आगीतून वाचतं. दरवर्षी वणवा लागला की चांगला चारा मागे पडतो आणि कुसळी फोफावते. म्हणजे तोटा गुराख्याचाच!

टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, तीही उन्हाळ्यात. आग आली की ती त्यांना उचलून नेता येत नाहीत.

पडताळायला काही पेटवू नका. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. आधीच जळालेला उतार आणि शेजारचा न जळालेला, दोन्ही सप्टेंबरअखेर पाहा. हिरवेपणा नको, झाडांची रोपं मोजा, गवताची जात बघा. जोराच्या पावसानंतर दोन्हीकडच्या ओघळांतलं पाणी बाटलीत भरून गाळ बसू द्या, म्हणजे कुठून माती जास्त वाहतेय ते दिसेल.