कथेचं स्त्रीवादी वाचन : हे प्रश्न आले कुठून?

कथेवर स्त्रीवादी समीक्षा लिहा म्हटलं की बरेच जण बाईवर अन्याय कुठे झालाय तेवढं शोधतात, दोन-चार वाक्यं अधोरेखित करतात आणि पितृसत्ता हा शब्द टाकून मोकळे होतात. मला हे फार खटकतं, कारण स्त्रीवादी वाचनातला एकेक प्रश्न आधीच्या वाचनाशी भांडून आलाय आणि त्यातली काही महत्त्वाची भांडणं लघुकथांवरच झालीयेत.

व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' १९२९ ला, सिमोन द बोव्हारचं 'द सेकंड सेक्स' १९४९ ला, ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण साहित्यकृती हातात घेऊन ओळ न् ओळ तपासणं जोरात सुरू झालं ते १९७० ला केट मिलेटचं 'सेक्शुअल पॉलिटिक्स' आल्यावर. मोठमोठे पुरुष लेखक घेऊन त्यांच्या शृंगाराच्या प्रसंगात सत्ता कोणाच्या हातात आहे हे तिने दाखवलं. पुढे १९७८ ला जुडिथ फेटरली या अमेरिकन समीक्षकेने प्रश्न लेखकावरून वाचकावर आणला, आणि माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. तिने घेतलेल्या कथांपैकी एक वॉशिंग्टन अर्व्हिंगची, रिप व्हॅन विंकलची. रिप बायकोच्या कटकटीला कंटाळून डोंगरात जातो, वीस वर्षं झोपतो, परत येतो तर बायको मेलेली, आणि वाचणाऱ्याला हायसं वाटावं अशीच कथा रचलेली आहे. त्या बायकोला स्वतःचं नावसुद्धा नाहीये, नुसती डेम व्हॅन विंकल. आता ही कथा वाचणाऱ्या बाईने कोणाच्या बाजूने उभं राहायचं? फेटरली म्हणते की तिलाही रिपच्याच बाजूने, म्हणजे स्वतःच्या विरोधात वाचायला शिकवलेलं असतं, म्हणून वाचताना विरोध करायला शिकलं पाहिजे.

दुसरीकडे एलेन शोवाल्टर या समीक्षकेचं म्हणणं होतं की पुरुषांच्या पुस्तकांतल्या चुका किती दिवस काढणार, बायकांनी काय लिहिलंय, कशा परंपरेत लिहिलंय ते बघा. १९७९ मध्ये तिने याला गायनोक्रिटिक्स असं नाव दिलं. पण हे शोधायचं काम आधीच सुरू झालं होतं आणि त्यात सगळ्यात गाजलेली कथा म्हणजे शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर'.

१८९२ ची कथा. बाळंतपणानंतर मनाने खचलेली बाई, नवरा डॉक्टर, तो तिला विश्रांती म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो आणि लिहायला बंदी. त्या खोलीच्या भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला हळूहळू एक अडकलेली बाई दिसायला लागते. खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे, आणि तिला वाटतं की पूर्वी ही मुलांची खोली असणार. एवढ्या एका तपशिलात किती आहे बघा, एकतर ती मुलांची खोली नाहीच, आणि असली तरी मोठ्या बाईला मुलासारखं ठेवलंय. कथा तेव्हा अज्ञात वगैरे नव्हती, भयकथांच्या संग्रहातही ती येत राहिली. पण १९७३ मध्ये फेमिनिस्ट प्रेसने ती एलेन हेजेसच्या टिपणासह स्वतंत्र पुस्तक म्हणून काढली आणि तिचं वाचनच बदललं. १९७९ ला सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार या समीक्षकांनी कागदाच्या नक्षीमागे अडकलेल्या बाईत लिहू पाहणाऱ्या बाईची कोंडी वाचली.

१९८० मध्ये समीक्षक अ‍ॅनेट कोलोड्नीने गिलमनच्या कथेशेजारी सुझन ग्लास्पेलची १९१७ ची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' ठेवली. त्यात बायकोवर संशय असलेल्या एका नवऱ्याच्या खुनाचा तपास करणारे पुरुष स्वयंपाकघराकडे बायकांच्या फुटकळ वस्तू म्हणून दुर्लक्ष करतात, आणि सोबत आलेल्या दोन बायकांना गोधडीचे अचानक बिघडलेले टाके दिसतात, शिवणाच्या पेटीत मान पिरगळलेला कॅनरी पक्षी सापडतो. कोलोड्नीचा मुद्दा असा की खुणा सगळ्यांसमोर असतात पण त्या वाचायच्या कशा हे ज्याच्या त्याच्या जगण्यातून येतं.

इथे एक अडचण होती, हे "बायकांचं जगणं" नेमकं कोणत्या बायकांचं? बार्बरा स्मिथने १९७७ मध्येच काळ्या स्त्रियांच्या लेखनाकडे गोऱ्या स्त्रीवादी समीक्षकही बघत नाहीत असं ठणकावून सांगितलं होतं. १९८९ ला सुझन लॅन्सरने तोच बाण गिलमनच्या कथेवरच्या समीक्षेकडे वळवला, की आपण सगळ्यांनी त्या कागदात स्वतःलाच पाहिलं, पण तो पिवळाच का हे विचारलं नाही. अमेरिकेत तेव्हा चिनी स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं, त्यांना रोखणारा कायदा १८८२ चा, आणि गिलमनचे स्वतःचे वंशाबद्दलचे विचार तिच्या लेखनात स्पष्ट आहेत. मला हा लेख फार मोलाचा वाटतो कारण लाडक्या कथेलाही त्याने सूट दिली नाही.

मग १९९६ मध्ये ज्युली बेट्स डॉक आणि सहकाऱ्यांनी कथेभोवतीच्या दंतकथाच तपासल्या. गिलमनने १९१३ मधल्या एका टिपणात लिहिलं होतं की तिच्यावर विश्रांतीचे उपचार करणाऱ्या वियर मिचेल या डॉक्टरने कथा वाचून आपली पद्धत बदलली असं तिच्या कानावर आलं, पण त्याला पुरावा सापडत नाही. शिवाय कथेतला नवरा-बायकोचा प्रश्न १९७३ च्या आधी कोणाला दिसलाच नाही हेही खरं नव्हतं, जुन्या काही परीक्षणांत तो आलेला आहे. त्यामुळे आता गिलमनचं ते टिपण वाचताना तिने स्वतःची गोष्ट कशी मांडली हेही बघावं लागतं.