वरचा पट्टा म्हणजे हमखास जिंकणार?

‘काळा पट्टा असलेल्याला खालच्या पट्ट्याचा खेळाडू हरवूच शकत नाही,’ असा समज कराटे-ज्युदोत बराच जुना आहे.

पट्ट्याच्या परीक्षेत मुख्यतः ठरलेली तंत्रं, काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) आणि मोजकी लढत पाहतात. वजन, वय, सध्याचा दम यांची नोंद पट्ट्यावर नसते. म्हणून तर कराटे-ज्युदोच्या मोठ्या स्पर्धांत गट वजनावर पाडतात.

पट्ट्याचा परिणाम होतो, पण तो बराचसा डोक्यातला. समोर काळा पट्टा दिसला की नवखा अर्धं पाऊल मागे उभा राहतो. त्याचा ठोसा पोचतच नाही आणि ‘वरचा भारीच’ हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं. उलट नुकताच पट्टा मिळालेला कधी हरायच्या धास्तीने आखडतो, कधी फाजील विश्वासाने हात खाली सोडतो. हे दुसरं जास्त महागात पडतं.

पडताळायचं असेल तर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्याच जोडीच्या दोन-दोन मिनिटांच्या हलक्या फेऱ्या घ्या, काही पट्टे बांधून, काही सोडून. तिसऱ्याने फक्त दोन गोष्टी मोजाव्यात: पुढाकार कोणी किती वेळा घेतला आणि नेमके फटके किती लागले. क्रम आलटून-पालटून ठेवा, नाहीतर थकव्याचा फरक पट्ट्याच्या नावावर जमा होतो.